हात लावू नकोस

सुट्ट्या लागल्या की एक वाद न चुकता सुरू होतो. एका बाजूला 'मुलांच्या हातातला मोबाईल काढा आणि त्यांना झाडं-पक्षी दाखवा' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'काळ बदललाय, तुमच्या लहानपणाचं कौतुक मुलांच्या माथी कशाला मारता' म्हणणारे. दोन्हीकडची मंडळी इतक्या तावातावानं बोलतात, की ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ते मूल तोवर कोपऱ्यात जाऊन पुन्हा मोबाईल उघडून बसलेलं असतं. माझं म्हणणं दोघांनाही फारसं आवडणार नाही. मुलांचं बाहेरचं जग मोबाईलनं हिरावलेलं नाही. ते आपण मोठ्यांनी, मोबाईल यायच्या खूप आधीपासून, टप्प्याटप्प्यानं आणि चांगल्या हेतूनं बंद करत आणलं. हात लावू नकोस. एकटी जाऊ नकोस. कपडे मळवू नकोस. चल, उशीर होतोय. रिकाम्या झालेल्या जागेत मोबाईल येऊन बसला, एवढंच. त्याला हाकललं तरी जागा रिकामीच राहील. आधी ही चार वाक्यं मागे घ्यायला हवीत.

या वादात हमखास पुढे येणारा एक दाखला आहे. इंग्लंडमधल्या संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना चित्रांची कार्डं दाखवली. काहींवर त्या भागात सहज दिसणारे प्राणी, किडे, झाडं, काहींवर पोकेमॉन, म्हणजे त्या नावाच्या खेळातले काल्पनिक जीव. आठ वर्षांची मुलं पोकेमॉनपैकी जवळजवळ ८० टक्के ओळखत होती, खऱ्या जीवांपैकी जेमतेम निम्मे. 'बघा, काय वेळ आली!' म्हणून हे सांगितलं जातं. सांगणारे दोन गोष्टी मात्र गाळतात. पहिली, हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा शाळकरी मुलांच्या हातात स्मार्टफोन नव्हते. दुसरी गोष्ट जास्त मजेची आहे. पोकेमॉन ज्याच्या डोक्यातून निघाला तो सातोशी ताजिरी टोकियोच्या उपनगरी भागात वाढला आणि लहानपणी त्याला किडे पकडण्याचं विलक्षण वेड होतं. तो राहत होता तिथली तळी, शेतं हळूहळू बुजली, वर इमारती आल्या, किडे गेले. पुढे १९९६ मध्ये त्यानं जो खेळ बाजारात आणला त्यात नेमकं तेच होतं: शोधायचं, पकडायचं, जमवायचं, मित्राशी अदलाबदल करायची.

म्हणजे मुलांना शेकडो जीवांची नावं, सवयी, कोण कशाला घाबरतो हे सगळं पाठ करण्याची हौस दांडगी आहे, स्मरणशक्तीही आहे. मग ती हौस खऱ्या किड्यांकडे का वळत नाही? कारण पडद्यावरचा जीव पकडता येतो. खऱ्या जीवाजवळ मूल वाकलं, की मागून आवाज येतो.

मुलांना असं अडवणं किती जुनं आहे याचा एक नमुना शेफील्ड शहरातल्या एका कुटुंबात सापडतो. २००७ मध्ये त्या कुटुंबाच्या चार पिढ्यांचा हिशोब प्रसिद्ध झाला होता. आठ वर्षांचं मूल एकट्यानं कुठवर जाऊ शकत होतं, एवढाच साधा प्रश्न. पणजोबा मासे पकडायला सहा मैल चालत जायचे. आजोबांना एक मैल मोकळीक होती. आईला अर्धा मैल. मुलाला घरापासून ३०० यार्ड, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत. एका घराची गोष्ट म्हणजे काही संशोधन नव्हे, हे मान्य. पण आकडे नीट बघा. सहा मैलांचा एक मैल झाला तो पणजोबा आणि आजोबांच्या मध्ये, म्हणजे घरात दूरदर्शन संच यायच्याही आधी. सगळ्यात मोठी काटछाट तिथेच झाली. त्या वेळी दोष द्यायला मोबाईल कुठे होता?

आता मुलांना निसर्गात न्या म्हणणाऱ्यांकडे वळते. मी स्वतःला त्यांच्यातलीच समजते, म्हणून त्यांच्यावर जरा जास्त राग आहे. ही मंडळी आजकाल निसर्ग औषधासारखा विकतात. एकाग्रता वाढते, प्रतिकारशक्ती वाढते, ताण कमी होतो, चष्मा लागत नाही. यातलं शेवटचं तर बऱ्यापैकी खरं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळा घेऊन प्रयोग झाला. निम्म्या शाळांमध्ये पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास बाहेर उघड्यावर दिला. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसू लागलं होतं; बाकीच्या शाळांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. फरक थोडा नाही, आणि 'बाहेर खेळणारी मुलं मुळातच सुखवस्तू घरातली असतील' ही एरवीची रास्त शंका इथे लागू पडत नाही, कारण कुठल्या शाळांना जादा तास मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. पण थोडा विचार केला तर गोची लक्षात येते. डोळ्यांना उपयोगी पडला तो बहुधा उजेड. लक्स या उजेडाच्या मापात घरात दिव्याखाली काहीशे असतो, बाहेर सावलीतही हजारोंच्या घरात. मग सिमेंटचं मैदानही चालेल की! झाड कशाला, बेडूक कशाला? उद्या कुणी वर्गातच तेवढ्या उजेडाचे दिवे लावले तर बेडकाची गरज संपली. एखाद्या गोष्टीचं समर्थन तिच्या फायद्यावर उभं केलं, की तोच फायदा स्वस्तात देणारी दुसरी वस्तू आली की आपलं समर्थन कोसळतं. गोष्टी ऐकल्यानं शब्दसंग्रह वाढतो हे खरं, पण म्हणून कुणी मुलांना गोष्टी सांगत नाही.

मोठ्यांनी निसर्गाला असं कामाला लावणं नवं नाही. अमेरिकेत १८९०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातली शेती मंदीत सापडली, माणसं गावं सोडून शहरात जाऊ लागली. त्यांची पुढची पिढी तरी जमिनीवर टिकावी म्हणून शाळांमध्ये निसर्ग-अभ्यास आणायचं ठरलं, आणि कॉर्नेल विद्यापीठानं त्याचं काम हाती घेतलं. म्हणजे मुलाला फुलपाखरू दाखवायचं ते त्यानं मोठेपणी शेती सोडू नये म्हणून! मुलांनी अर्थातच शेती सोडली. पण त्या खटाटोपातून एक फार चांगली गोष्ट मागे राहिली. अ‍ॅना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक या बाईंनी १९११ मध्ये शिक्षकांसाठी जाडजूड मार्गदर्शक पुस्तक काढलं. त्यात त्यांचा शिक्षकांना एक सल्ला असा की मुलानं काही विचारलं आणि आपल्याला येत नसलं तर बेधडक 'मला माहीत नाही' म्हणा आणि त्याच्याबरोबर शोधायला लागा. शंभराहून जास्त वर्षं झाली. हा सल्ला अजून आपल्याकडे पोचायचा आहे.

कारण निसर्गसहल म्हणून आज जे चालतं ते मी जवळून पाहिलंय. मदतनीस म्हणून एका सहलीला गेले होते. तीसेक मुलं, रांग, प्रत्येकाच्या हातात छापील तक्ता: झाडाचं नाव, पानाचा आकार, उपयोग. 'उपयोग' हा रकाना कुणाला सुचला असेल, याचं मला अजून नवल वाटतं. रांगेच्या शेवटी एक मुलगा खाली बसला. त्याला वाणी दिसला होता. त्यानं बोट लावलं, वाणीनं गोल गुंडाळी केली, मुलगा वाट बघत बसला. उलगडला की पुन्हा बोट, पुन्हा गुंडाळी. तिसऱ्या वेळी त्यानं बोट लावलं नाही, फक्त जवळ नेलं, आणि वाणी न गुंडाळता चालत राहिला. त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तक्त्यात भरायला रकाना नव्हता. तेवढ्यात 'रांग मोडू नका' आली. त्या दिवशी तीस मुलांमध्ये निसर्गाचा अभ्यास केला तो एकानं, आणि ओरडाही त्यालाच बसला. त्याला पुढे ढकलणारी मीच होते. पुढच्या झाडापाशी आमची वेळ ठरलेली होती.

माझं म्हणणं या मुलाच्या बाजूचं आहे. मुलांना निसर्ग 'दाखवावा' लागत नाही. त्यांना लागते ती एक जवळची, साधी, थोडी दुर्लक्षित जागा. तिथे पुन्हा पुन्हा जायची मुभा. हात लावायची परवानगी. आणि घड्याळ न बघणारं एक मोठं माणूस, शक्यतो थोडं लांब बसलेलं. दुर्मिळ पक्षी, घनदाट जंगल, मार्गदर्शक, दुर्बीण हे सगळं नंतर. एकदा जंगलात नेऊन आणलेल्या मुलापेक्षा भिंतीच्या कडेची तीच तीन झुडपं रोज बघणारं मूल जास्त बघतं, कारण बदल दिसायला कालचं माहीत असावं लागतं.

यावरचे आक्षेप मला माहीत आहेत आणि त्यातले काही जड आहेत. पहिला धोक्याचा. तो हसून उडवणाऱ्यांशी माझं जमत नाही. जगभर ५ ते २९ या वयोगटातले सर्वाधिक मृत्यू रस्त्यावरच्या अपघातांत होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या आईनं आठ वर्षांच्या मुलीला एकटीला रस्ता ओलांडू दिला नाही, ती भित्री नाही. तिचा हिशोब बरोबर आहे. पण मग मोटारीची किंमत आपण मुंगळ्याकडून, झाडाच्या फांदीकडून, डबक्याकडून का वसूल करतो? धोका रस्त्यावर आहे आणि बंदी चिखलावर. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात ४०० हून अधिक मुलं होती. तिथल्या पालकांनी मुलांना घरात कोंडलं नाही. 'बालहत्या थांबवा' अशा सणसणीत नावाची चळवळ उभी केली, रस्ते अडवले, आणि गाडीला चालण्याच्या वेगानंच जाता येईल अशा निवासी गल्ल्या कायद्यानं मान्य करून घेतल्या. मुलांनी बाहेर खेळावं असं खरंच वाटत असेल तर भांडण कुणाशी करायचं, हे त्या आई-बापांना कळलं होतं. मुलींच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे. त्यांना घातलेली बंदी किड्यामुंग्यांमुळे कधीच नव्हती, माणसांमुळे होती. ती उठवायचं कामही माणसांमध्येच करावं लागेल.

राहिला खरोखरचा रानातला धोका. पडणं, खरचटणं, चावणं, काटा. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या जोखमीच्या खेळांचा अभ्यास केला आहे. त्या सांगतात की उंची, वेग, पाणी-विस्तव, हत्यारं, दांडगाई आणि एकटं भटकणं या गोष्टींकडे मुलं आपणहून ओढली जातात, आणि थोडी भीती पचवतच धोक्याचा अंदाज घ्यायला शिकतात. इथे मला एडवर्ड विल्सन या जगप्रसिद्ध मुंग्याशास्त्रज्ञाचं उदाहरण द्यायचा मोह होतो, आणि ते दिलं की माझ्याच पायावर धोंडा पडतो. सातव्या वर्षी, आई-वडिलांचा काडीमोड होत असताना, त्याला उन्हाळ्यापुरतं समुद्राकाठी एका परक्या कुटुंबात ठेवलं होतं. दिवसभर तो एकटा किनाऱ्यावर. गळाला लागलेला मासा त्यानं जोरात ओढला, माशाच्या पाठीवरचा काटा उजव्या डोळ्यात घुसला. मासेमारी बंद होईल या भीतीनं तो कुणाला बोललाच नाही. डोळा गेला. उरलेल्या एका डोळ्याला जवळचं बारीक छान दिसायचं, म्हणून तो किड्यांकडे वळला, असं तो पुढे सांगायचा. गोष्ट सुंदर आहे. पण कुठल्याही आईला मी 'एक डोळा गेला तर जाऊ दे' म्हणून सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. मला यातून दिसतं ते वेगळं: त्या किनाऱ्यावर घड्याळ न बघणारं ते एक मोठं माणूस नव्हतं. मुलाला एकटं सोडणं आणि मोकळं सोडणं यांत फरक आहे. लांब बसून लक्ष ठेवणारं माणूस खरचटणं थांबवत नाही. डोळा दुखतोय हे मात्र त्याच्या लक्षात येतं.

दुसरा आक्षेप निसर्गप्रेमींचाच, आणि मला सगळ्यात जास्त अडचणीत आणणारा. मुलांनी फुलं तोडायची, फुलपाखरं बाटलीत भरायची, बेडूक पकडायचे, हे कसलं निसर्गप्रेम? आधीच सगळं कमी होत चाललंय. यातला खरा भाग मी मान्य करते. घरट्याला हात नाही, अंड्याला नाही, संरक्षित जागेत तर नाहीच. आणि पकडलेलं संध्याकाळच्या आत जिथून उचललं तिथे परत. पण सलीम अलींची गोष्ट आठवा. १९०८च्या सुमाराला दहा-बारा वर्षांच्या या मुलानं छर्‍याच्या बंदुकीनं एक चिमणी मारली. उचलून बघितली तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही चिमणी कुठली? मामांना सांगता येईना. त्यांनी ना त्याला पापाचं भय घातलं, ना पाठ थोपटली. ओळखचिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी ती पीतकंठी चिमणी ओळखली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून त्या पोरापुढे ठेवले. भारतातल्या पक्षी-संरक्षणाचा केवढा मोठा भाग त्या दुपारी सुरू झाला! मुलांच्या हाती बंदुका द्या, असं मी अर्थातच म्हणत नाही. म्हणायचं एवढंच, की ओढ बहुतेकदा हातातून येते. त्या क्षणी मामांनी 'पक्ष्यांना मारू नये' यावर प्रवचन दिलं असतं तर ते बरोबरच असतं, आणि तिथेच सगळं संपलं असतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत मोठ्या माणसांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं. पर्यावरणाची कळकळ असलेल्यांच्या बालपणात रानात हुंदडणं होतं, फुलं तोडणं होतं, मासेमारी आणि शिकारसुद्धा होती. आठवणींवर आधारलेल्या पाहणीवर किती भार टाकायचा, हा प्रश्न आहेच. पण फुलपाखरं कमी झाली ती अधिवास गेल्यानं आणि कीटकनाशकांनी. मुलांच्या बाटल्यांचा त्यात वाटा किती, हे आक्षेप घेणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगावं.

तिसरा आक्षेप ऐकला की मी गप्प होते. निसर्गाचं हे कौतुक भरल्या पोटी सुचतं. ज्या मुलाला पहाटे गुरांमागे जावं लागतं, मोळी आणावी लागते, लांबून पाणी वाहावं लागतं, त्याला निसर्ग काय कमी पडलाय? त्याला शाळेत छताखाली बसायचंय, आणि ते त्याचं बरोबर आहे. या मुलापुढे 'निसर्गाशी नातं' वगैरे शब्द उच्चारायचीही मला लाज वाटते. तरी जरा थांबून बघितलं तर त्या मुलाकडे आणि रांगेत तक्ता भरणाऱ्या मुलाकडे नेमकी एकच गोष्ट नाही: रिकामा वेळ. एकाचा वेळ कामानं खाल्ला, दुसऱ्याचा वेळापत्रकानं. दोघंही बाहेर आहेत, दोघंही बांधलेले आहेत.

जागा कुठून आणायची, असंही विचारलं जातं. १९४३ मध्ये, जर्मन फौजा शहरात असताना, कोपनहेगनजवळ एम्द्रुप इथे कार्ल थिओडोर सोरेनसन या उद्यानरचनाकारानं एक विचित्र मैदान केलं. त्याच्या लक्षात आलं होतं की त्यानं आखलेल्या देखण्या खेळमैदानांपेक्षा मुलं पडीक जागांवर, बांधकामाच्या अडगळीत जास्त रमतात. म्हणून त्यानं घसरगुंडी-झोपाळे बसवलेच नाहीत; माती, फळ्या, विटा ठेवल्या आणि मुलांना आत सोडलं. स्वतःनं बांधलेल्या मैदानांपैकी हे दिसायला सगळ्यात कुरूप आणि तरीही सगळ्यात आवडतं, अशी त्याची पुढे भावना होती. आपल्या बागा बघा. 'गवतावर चालू नये', 'फुलांना हात लावू नये', मध्ये रबरी फरशी, वर प्लास्टिकचं झाड. प्रत्येक बागेचा एक कोपरा न कापता, न झाडता सोडून द्यायचा तर त्याला खर्च लागत नाही, उलट वाचतो. लागते ती 'घाण दिसतंय' ही तक्रार ऐकून घ्यायची तयारी.

ती तयारी माझ्यातही कमीच आहे, हे मला बहिणीच्या सात वर्षांच्या मुलीनं दाखवून दिलं. जिन्याखाली, पाऊस पोचत नाही अशा कोरड्या धुळीत तिला बोटाच्या पेराएवढे खळगे सापडले. शंकूसारखे, अगदी नीट कोरलेले. 'मावशी, हे कुणी केलं?' मला माहीत नव्हतं, आणि धुळीत बसायचंही नव्हतं. कॉमस्टॉकबाईंचा सल्ला आठवला म्हणून बसले. तेवढ्यात एक मुंगी काठावरून घसरली. वर चढायला लागली तशी तळातून कुणीतरी तिच्या अंगावर धूळ भिरकावली. पुन्हा चढली, पुन्हा मारा. मग तळाशी दोन वाकडे जबडे दिसले आणि मुंगी खाली ओढली गेली. पोरगी दचकून मागे सरकली, लगेच पुढे वाकली. 'तिला वाचवायचं का?' तिनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, 'पण मग तो काय खाईल?' या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. ते शोधत माणसं म्हातारी झाली आहेत. सात वर्षांच्या मुलीला तो कुणी शिकवला नाही, कुठल्या तक्त्यात नव्हता, आणि तो पडायला चाळीस मिनिटं धुळीत बसावं लागलं.

त्या किड्याला चमच्यानं उचलून आम्ही वाटीतल्या धुळीत ठेवला. तो पुढे चालेचना, मागे मागे सरकत गोल फिरला आणि गडप झाला. मोठा झाला की त्याला पंख फुटतात, चतुरासारखा दिसतो, फक्त मिशा लांब आणि टोकाला गाठाळ, हे आम्हाला दोघींना नंतर वाचून कळलं. संध्याकाळी तो जिन्याखाली परत गेला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी जिना धुतला आणि सगळे खळगे वाहून गेले. तिनं आकांत केला. आपली आईच दोषी आहे, असं तिचं ठाम मत पडलं.

चौथ्या दिवशी ती मला हाताला धरून खाली घेऊन गेली. दोन नवे खळगे झाले होते. मी मुंगी शोधायला लागले तर तिनं मला अडवलं. तिच्या मुठीत गवताची एक काडी होती. काडीचं टोक तिनं काठावरच्या धुळीत हलकेच टेकवलं, दोन-तीन कण खाली घरंगळू दिले, आणि श्वास रोखून बसली.